मुंबईची शाळा आणि लस : मोहिमा अनेक, सेवा अपुरी

१/ १४ जून १८०२. मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली आणि ती लागू पडली. भारतात लस यशस्वी झालेली ही पहिली व्यक्ती. जेन्नरच्या प्रयोगाला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईच्या बंदरात उतरली होती.

२/ तेव्हा लस थंड ठेवण्याची सोय नव्हती. एका मुलाच्या हातावर उठलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या हातावर टोचायचा, अशी साखळी चालवावी लागे. डस्टहॉलनंतर पुढच्याच आठवड्यात मुंबईतील आणखी पाच मुलांना लस मिळाली आणि तेथून ती इतर शहरांकडे गेली. देशातील लसीकरणाची सुरुवात अशी मुलांच्या हातांवरून झाली.

३/ सव्वादोनशे वर्षांच्या या इतिहासात मुंबईला लसीची टंचाई क्वचितच भासली. टंचाई राहिली ती लस ठरल्या वेळी, ठरल्या मुलापर्यंत, वर्षानुवर्षे नेणाऱ्या व्यवस्थेची. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील सार्वजनिक शाळांच्या आरोग्याचा आजचा प्रश्न समजून घ्यायचा, तर ही व्यवस्था का उभी राहिली नाही, हे पाहावे लागते.

४/ पहिला मार्ग कायद्याचा. १८७७ साली मुंबई शहरात मुलांना देवीची लस टोचणे सक्तीचे झाले. पण शहराची हद्द माहीम आणि शीव येथे संपत असे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा साष्टीतील गावे होती. शहराचा कायदा खाडीच्या अलीकडेच थांबत होता. रोग मात्र रेल्वेने पलीकडे जात होता.

५/ १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शहरातून माणसे उपनगरांकडे आणि गावांकडे पळू लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांची झडती, रुग्णांना उचलून नेणे, प्रवाशांची तपासणी असे अधिकार सरकारच्या हाती गेले.

६/ या सक्तीची किंमत मोठी होती. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आजारापेक्षा दवाखान्याचे भय मोठे ठरले. एकदा उडालेला विश्वास पुन्हा बसायला पिढ्या लागतात, हा त्या काळाचा धडा आहे.

७/ त्याच काळात दुसरा मार्गही दिसला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्यामागे खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले.

८/ लस आणि शास्त्र तेच, फरक होता लस टोचून घ्या असे सांगणाऱ्या माणसात. शिपाई घेऊन दारात येणाऱ्या अधिकाऱ्याला जे साधले नाही, ते ओळखीच्या माणसाला साधले. लहान मुलांच्या बाबतीत असा ओळखीचा, रोज भेटणारा, नावाने हाक मारणारा माणूस कोण? तो शाळेतच असतो.

९/ हे ओळखणाऱ्यांत एक मराठी राजा आघाडीवर होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ साली बडोद्यात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेथून धरला जातो. इंग्लंडने असा कायदा १९०७ साली केला होता. म्हणजे बडोदा अवघी दोन वर्षे मागे होते.

१०/ या क्रमाला अर्थ आहे. मुलाला शाळेत येण्याची सक्ती करणारे राज्य त्याच्या शरीराचीही काही जबाबदारी घेते. मुंबईत १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ व जी विभागांत शिक्षण सक्तीचे झाले. हजेरीपटावर नाव आले. त्या नावापुढे आरोग्याची नोंद ठेवण्याचे काम मात्र मागेच राहिले.

११/ १९४६ च्या भोर समितीने देशातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर उपनगरे महानगरपालिकेत आली : १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपरचा पट्टा, १९५७ मध्ये बोरिवली, दहिसर आणि मुलुंड. शाळा वाढल्या, वस्त्या त्याहून वेगाने वाढल्या. आरोग्याची यंत्रणा सतत त्यांच्यामागे धावत राहिली.

१२/ दरम्यान मोहिमांनी मोठी यशे मिळवली, हे नाकारता येणार नाही. देवीचा रोग १९७५ नंतर देशात राहिला नाही. २०११ नंतर पोलिओचा नैसर्गिक विषाणू सापडलेला नाही. ज्येष्ठांच्या दंडावरचे देवीचे वण आणि पुढच्या पिढीच्या दंडावरचा बीसीजीचा वण ही त्या कामाची साक्ष आहे.

१३/ पण मोहिमेला एक रोग, एक तारीख आणि एक लक्ष्य असते. शाळकरी वयातील लसींचे तसे नाही. राष्ट्रीय वेळापत्रकात पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीचा बूस्टर आहे, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे. म्हणजे साधारण पहिली, पाचवी आणि दहावी. या लसींसाठी ढोल वाजत नाहीत, म्हणूनच त्या राहून जातात.

१४/ दीड-दोन वर्षांचे मूल झाले की 'सगळी इंजेक्शने झाली' असे अनेक घरांत मानले जाते. पण घटसर्पाविरुद्धची प्रतिकारशक्ती वयाबरोबर उतरते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी नुसत्या धनुर्वाताच्या लसीऐवजी घटसर्पाचाही अंश असलेली लस आणली गेली, ती याच कारणाने. ही माहिती आईवडिलांपर्यंत नेण्याचा सर्वांत सोपा रस्ता शाळेतून जातो.

१५/ नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाची मुले हे लक्ष्य होते आणि शाळा हे तिचे मुख्य ठिकाण. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील मोहिमेबाबत पालकांची संमती आवश्यक ठरवली. अनेकांना तो अडथळा वाटला. १८९७ आठवले, तर तो इशारा वाटायला हवा.

१६/ संमती हा सहीचा कागद नव्हे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. आदल्या दिवशी दप्तरातून गेलेली चिठ्ठी घरी कोणालाच वाचता आली नाही, तर तिच्यावरचा अंगठा संमती ठरत नाही. शंका विचारायला कोणी नसेल, तर शंकेचे उत्तर अफवा देते.

१७/ २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि पूर्व उपनगरांत गोवराची साथ पसरली, मुले दगावली. करोनाकाळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते. बळी प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांचे होते. ही मुले शाळेत नव्हतीच, मग शाळेचा संबंध काय, असा आक्षेप येतो. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे.

१८/ कारण त्यांची मोठी भावंडे शाळेत होती. पहिलीत येणाऱ्या मुलाचे लसीकरण कार्ड पाहणारा माणूस त्या घरातल्या धाकट्याचीही चौकशी करू शकतो. गावी गेल्याने राहिलेला डोस, खोली बदलताना हरवलेले कार्ड हे शाळेतच लक्षात येऊ शकते. गोवराला थोपवायला सुमारे ९५ टक्के मुलांचे लसीकरण लागते. उरलेली मुले शोधण्यासाठी घराघराशी रोजचा संबंध लागतो.

१९/ कार्ड नसेल तर प्रवेशच नको, हा उपाय मात्र चुकीचा ठरेल. अमेरिकेत शाळाप्रवेशासाठी लसीची अट १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. येथे कार्ड नसलेले मूल बहुधा स्थलांतरिताचे किंवा झोपडपट्टीतले असते. त्याला दारातून परत पाठवले, तर शिक्षणही जाईल आणि लसही. आधी प्रवेश द्यावा, मग राहिलेली लस पुरवावी.

२०/ फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघरमधून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा गाभा. कल्पना उत्तम आहे. पण शाळेसाठी आखलेली भेट वर्षातून एकदा आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला मुलाचे वजन कळते, मुलाचे घर कळत नाही.

२१/ उपनगरांत रुग्णालये नाहीत असे नाही. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, बोरिवलीला भगवती, अंधेरी-जुहूला कूपर आहे. उणीव आहे ती शाळा आणि दवाखाना यांच्यामधल्या दुव्याची. काही शाळांच्या गटामागे एक कायम परिचारिका, दाखल्याबरोबर पुढे जाणारी आरोग्यनोंद आणि पहिली, पाचवी, दहावीला ठरलेला लसीचा दिवस, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

२२/ हा खर्च डोळ्यांत भरणारा नाही. त्याचे उद्घाटन होत नाही आणि त्याच्या यशाची बातमीही होत नाही. घटसर्प न झालेल्या मुलाचा फोटो कोण छापणार? म्हणूनच अंदाजपत्रकात मोहिमेला जागा मिळते आणि सेवेला मिळत नाही. नागरिकांनी प्रश्न विचारायचा तो नेमका येथे.

२३/ १८०२ मध्ये ॲना डस्टहॉलचे नाव कोणीतरी टिपून ठेवले, म्हणून तिची लस इतिहासात उरली. आज उपनगरातल्या प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाचे नाव रोज पुकारले जाते. त्या नावापुढे त्याच्या लसींची नोंद असावी, आणि ती कोणीतरी दर वर्षी उघडून पाहावी, एवढीच ही मागणी आहे.