संकोचाचें दुखणें

गेल्या वर्षीं सांगलीस आमच्या धाकट्या बंधूंच्या घरीं मंगलकार्य निघालें. साताऱ्याहून आम्ही सर्व मंडळी निघालों. परंतु आमची थोरली भगिनी, जिला सारें घर अक्का म्हणतें, ती कांहीं केल्या येईना. "मला गाडी लागते," एवढेंच उत्तर. मानपानांत कांहीं न्यून राहिलें असावें, असा आम्हीं ग्रह करून घेतला व तिला चार शब्द ऐकविले. खरें कारण आमच्या धाकट्या सूनबाईंनीं मागाहून एकांतांत विचारून घेतलें. शिंक आली, खोकला आला, पाण्याची कळशी उचलली, कीं लघवीचे थेंब नकळत जात. तीन तासांच्या प्रवासांत चारचौघांदेखत लुगडें भिजलें तर? याच भीतीनें तिनें देवळांतील कीर्तनही सोडलें होतें. हें ऐकून आम्ही ओशाळलों.

असला विषय या पानांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या दुखण्याचें नांव घेण्याची लाज वाटते, त्याच्या उपायाची चौकशीही कोणी करीत नाहीं; म्हणून आम्ही तें नांव घेतों.

मूत्राशय, गर्भाशय व मलाशय यांस खालून तोलून धरणारी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणें, रजोनिवृत्ति, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ व अतिस्थूलता यांमुळें ती सैल पडते. म्हणजे "वय झालें, चालावयाचेंच" ही समजूत खरी नव्हे. दुर्बळ झालेला स्नायु व्यायामानें पुष्कळदां बळावतो. अमेरिकेंतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं या स्नायूंच्या व्यायामाची पद्धति प्रसिद्ध केली. आपल्याकडे हठयोगप्रदीपिकेंत मूलबंध सांगितला आहे. दोन्ही एकच, असें आमचें म्हणणें नाहीं. पण आकुंचनाची कल्पना आपणांस परकी नाहीं, हें खास. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्या आमच्या मुलखांत व्यायामाची थोरवी निराळी सांगणें नलगे. हा व्यायाम मात्र बाहेरून कोणास दिसत नाहीं, एवढाच भेद.

रीत अशी. लघवी व वायु एकदम आवरून धरावयाचे आहेत अशा बेतानें ते स्नायु आंत व वर ओढावे. पांच अंक मोजून सोडावे व तितकीच विश्रांति घ्यावी. श्वास कोंडूं नये. पोट, मांड्या आवळूं नयेत. असें आठ वेळां, दिवसांतून तीनदां, निदान तीन महिने करावें. सरावानें अवधि दहा अंकांपर्यंत न्यावा. शिंक येण्यापूर्वीं किंवा ओझें उचलतांना हेच स्नायु आवळावे. लघवी करीत असतां मध्येंच धार रोखण्याची संवय मात्र लावूं नये. भीतीनें पाणी तोडूं नये. त्यानें लघवी दाट होऊन जळजळ व बद्धकोष्ठ वाढतें.

पुष्कळ जणींस योग्य स्नायु कोणता हेंच उमगत नाहीं. तेव्हां फिजिओथेरपिस्ट बाईंकडून एकदां शिकून घ्यावें हें उत्तम. सातारा-सांगलीच्या वाटेवर कऱ्हाडास या शास्त्राचें महाविद्यालयच आहे. ज्यांस एकाएकीं घाईची लागते व पोहोंचेपर्यंत धीर निघत नाहीं, त्यांस वेळ हळूहळू वाढविण्याची निराळी शिस्त शिकवितात. लघवींत रक्त, ताप, वेदना, अंग बाहेर येणें किंवा अखंड गळती असेल, तर आधीं डॉक्टरांस दाखवावें.

अक्कानें सूनबाईंसह जाऊन हें शिकून घेतलें. चवथ्या महिन्यांत ती आमच्याबरोबर सांगलीस आली. कऱ्हाडास गाडी थांबली तेव्हां एकदां उतरली, इतकेंच. थेंब अजून क्वचित् जातो, पण भीति गेली. दुसरे दिवशीं कृष्णाकांठच्या गणपतीस ती सर्वांच्या पुढें चालत होती.

असो. घरांतील कोणी बाई प्रवास, समारंभ, देऊळ टाळूं लागली, तर ती रुसली असें आमच्यासारखें धरून चालूं नये. सुनांनीं, लेकींनीं मायेनें विचारावें. पुरुषांनीं वाटेंत गाडी थांबवावी, खर्चास मागें पाहूं नये आणि हंसूं नये.