मोगलीच्या रानातून हरवलेली माणसे

म्हसावदच्या उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी भिल्ल आणि पावरा बांधव डोंगर उतरून येतात, मीठमिरची आणि कापडचोपड घेऊन तिन्हीसांजेपूर्वी परत फिरतात. जंगल येथे पुस्तकातले नाही, ते दारात आहे. आणि तरीही याच गावातील शाळकरी मुलाला, ‘जंगलात कोण राहतो?’ असे विचारून पाहावे. तो डोंगराकडे बोट दाखविणार नाही. तो मोगलीचे नाव सांगेल!

रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. पण ‘जंगल बुक’ त्याने लिहिले ते अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये बसून. कथेची भूमी मध्य प्रदेशातील सिवनी, म्हणजे आमच्याच सातपुड्याचे पूर्वेकडील अंग. साहेबाचा पूर्वग्रह त्या पुस्तकात लपलेला नाही. मोगलीला माया लावणाऱ्या मेसुआला गावकरी चेटकीण ठरवून जाळावयास निघतात आणि तिला आसरा कोणाचा? खान्हीवाड्याच्या इंग्रजांचा! दुसऱ्या एका कथेत तर रानाचा हा राजा सरकारी वनखात्याचा चाकर होतो. ज्या साम्राज्याने १८७८ च्या कायद्याने वनवासींचे पिढीजात रान ‘राखीव’ करून टाकले, त्याच साम्राज्याची चाकरी!

डाकिणीच्या नावाखाली बायकांचा छळ आमच्या सातपुड्यातही झाला, आजही होतो, हे झाकण्यात अर्थ नाही. पण रूढी-व्यसनांविरुद्ध समाजाला उभे करणारे येथूनच निघाले. १९३० च्या दशकात तळोद्याच्या परिसरात गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना दारू सोडावयास लावली. त्यांना कोणा गोऱ्या अधिकाऱ्याची प्रेरणा लागली नव्हती. किपलिंगच्या रानात असा माणूस संभवतच नाही.

किपलिंगने निदान माणसे रंगविली, भली-बुरी का होईना. डिस्नेने ती पुसूनच टाकली. १९६७ च्या चित्ररूपांतरात अवघ्या भारतवर्षाची प्रतिनिधी कोण, तर पाणी भरणारी एक चिमुरडी. हत्ती इंग्रज कर्नलच्या थाटात कवायत करतो. बोर्निओ-सुमात्राचा ओरांगउटान भारतीय वानरांचा राजा होतो. हे पात्र किपलिंगच्या स्वप्नातही नव्हते. मोगलीचा हितकर्ता असलेला का अजगर कपटी खलनायक ठरतो. युरोपातील एखाद्या कथेत लंडनच्या रस्त्यावर कांगारू सोडला असता तर समीक्षकांनी गप्प बसून घेतले असते काय?

२०१६ मध्ये जॉन फॅव्हरोने नवे रूपांतर केले. ओरांगउटान भारतात नसतो हे आता उमगले होते, म्हणून त्याच्या जागी लुप्त झालेला महाकाय वानर आला. हत्तींनाही मान मिळाला, हे मान्य केले पाहिजे. माणसे मात्र परतली नाहीत. बाप दिसतो तो क्षणभर, वाघाचा घास होण्यापुरता. गाव म्हणजे दूरवर दिसणारा जाळ. त्या जाळाभोवतीच्या कोणाच्या तोंडी एक वाक्य नाही. भारतात या चित्रपटाने शंभर कोटींहून अधिक गल्ला गोळा केला. हिंदी आवृत्तीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. १९९३ ची दूरदर्शनवरील जपानी मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना तो ओळखीचाच. मराठी माणसाच्या वाट्याला काय आले, तर खलनायकाचा कंठ!

‘अहो, मुलांचा चित्रपट आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?’ असे आमचे उदारमतवादी मित्र म्हणतील. मुलांचा आहे म्हणूनच मनावर घ्यायचे. प्रौढ माणूस ग्रंथ काढून पडताळा पाहील. आठ वर्षांचे पोर पडद्यावरचे रान खरे मानते.

आणि हे पोर वाघाविषयी काय शिकते? वाघ म्हणजे वैरी. त्याला आगीने मारावे, की खेळ खलास. आमच्याकडे वाघ हा देव आहे. लाकडावर वा दगडावर वाघ कोरून त्याच्या शेजारी चंद्रसूर्य काढतात, त्याला शेंदूर लावून गावाच्या शिवेवर बसवितात. आश्विन वद्य द्वादशीस उर्वरित महाराष्ट्र गाय-वासराची पूजा करतो, त्याच तिथीला सह्याद्रीतला महादेव कोळी वाघबारस करतो. ज्याच्यापासून गुरांना भय, त्यालाच हात जोडून शीव आखून देणारी ही रीत! वाघ संपविला तो ती पाळणाऱ्यांनी नव्हे. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमने पुढील दहा वर्षांत सोबत्यांसह दीडशेहून अधिक वाघ मारल्याचे त्याच्या चरित्रात अभिमानाने नोंदविलेले आहे. तोरणमाळच्या रानात वाघ आता उरला नाही. वाघदेव आहे.

दोष केवळ परक्यांचा नाही. आमच्या मराठी निर्मात्यांना पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातून सातपुडा दिसतच नाही. वाघदेवाच्या शिवेवर गुरे राखणाऱ्या पावरा पोराची साहसकथा पडद्यावर आणावी, असे त्यांच्यापैकी कितींच्या मनात आले? आणि मग म्हसावदच्या पोराने कोणता चित्रपट पाहावा? २०१६ च्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीच्या अखेरीस निर्मात्यांनीच कौतुकाने सांगून टाकले आहे की, हे सारे अरण्य लॉस एंजलिसच्या भर शहरात चित्रित झाले.