आधी धुराची वाट

आपल्या मंडळातल्या पुष्कळ कुटुंबांनी न्यू जर्सीत घरं घेतली त्याला आता वीस-पंचवीस वर्षं होत आली. शेगडी, फ्रिज, डिशवॉशर थकले आहेत, मुलं कॉलेजला गेली आहेत आणि स्वयंपाकघर नव्यानं करून घ्यायचं मनात आहे. दुकानात गेलं की खरेदी एका ठरावीक क्रमानं होते. आधी फ्रिज, मग त्याला शोभेल अशी शेगडी, मग डिशवॉशर; आणि चार वस्तू एकाच कंपनीच्या घेतल्या तर सूट मिळते म्हणून शेवटी शेगडीच्या वर बसवायचा मायक्रोवेव्ह. माझं म्हणणं असं आहे की मराठी घरात हा क्रम उलटा असायला हवा. फोडणीचा धूर घराबाहेर कसा जाणार हे सर्वांत आधी ठरवावं, पैसे आधी तिथे घालावेत, आणि उरलेल्या पैशांत बसेल ती शेगडी आणि बसेल तो फ्रिज घ्यावा.

इथल्या बहुतेक घरांत शेगडीवर जो मायक्रोवेव्ह असतो त्याच्या पोटात पंखा असतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण अनेक घरांत तो पंखा हवा बाहेर टाकतच नाही. खालून ओढलेली हवा जाळीतून आणि कोळशाच्या पातळ थरातून जाते आणि वरच्या फटींतून पुन्हा खोलीत येते. आपल्याकडे काय आहे हे पाहणं सोपं आहे. पंखा सुरू करा आणि मायक्रोवेव्हच्या दाराच्या वर हात धरा. हाताला वारा लागला तर तुमचा धूर घरातच फिरतो आहे. जाळी थोडं तेल धरते, कोळसा थोडा वास कमी करतो. वाफ, उष्णता, ज्वालेतून निघणारे वायू आणि तेलाचे अगदी बारीक कण मात्र बरेचसे परत येतात.

हवा बाहेर नेणारी नळी, म्हणजे डक्ट, बसवलेला असला तरी या यंत्रात एक मूलभूत उणीव राहते. शेगडी पंचवीस-सव्वीस इंच खोल असते आणि तिच्यावरचा मायक्रोवेव्ह पंधरा-सोळा इंच. म्हणजे पुढचे दोन बर्नर जवळजवळ उघड्यावर राहतात. आणि आपली फोडणी होते कुठे? पुढच्याच बर्नरवर, कारण हात तिथे पोहोचतो, कढईत वाकून पाहता येतं आणि मोहरी तडतडली की लगेच भाजी टाकता येते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं घरगुती हूडच्या, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या यंत्रांच्या, ज्या चाचण्या केल्या त्यांतही हेच दिसलं: मागच्या बर्नरवरचा धूर पुष्कळ चांगला ओढला जातो, पुढच्या बर्नरवरचा निसटतो.

अमेरिकन घराचा स्वयंपाक डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही सोय आहे. ओव्हनमध्ये भाजायचं, पाण्यात उकडायचं, मधूनच कधी काही परतायचं, एवढ्याला ती पुरते. आपल्याकडे तेल तापवल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. मोहरी, हिंग, हळद, मिरची तर रोजची. त्यात कांदा-खोबरं काळसर होईपर्यंत भाजायचं, तीळ-खसखस परतायची, बोंबील नाहीतर सुरमई तळायची, आणि दिवाळीच्या आधी चकल्या, शेव, शंकरपाळी यांच्यासाठी कढई तासन्‌तास चढलेली. तिकडे भारतात स्वयंपाकघराची खिडकी बाराही महिने उघडी असायची, मागचं दार उघडं असायचं. इथे फराळ तळायची वेळ आणि खिडक्या बंद करायची वेळ एकच. ऑक्टोबरच्या शेवटी घर हवाबंद होतं ते थेट मार्च संपेपर्यंत.

तेल जास्त तापलं की त्यातून बारीक कण आणि अॅक्रोलीनसारखे डोळ्यांना, घशाला झोंबणारे पदार्थ बाहेर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कडक आचेवर तळताना निघणारा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातला आहे. त्यामागचा बराचसा पुरावा चीनमधल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या आणि कोंदट स्वयंपाकघरात रोज तळणाऱ्या-परतणाऱ्या बायकांच्या अभ्यासातून आला. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. रोजच्या वरणाच्या फोडणीनं कुणी आजारी पडेल असा त्याचा अर्थ नाही. पण वीस वर्षं, रोज, बंद घरात, एकच माणूस त्या कढईसमोर उभं राहणार असेल, तर त्या माणसाच्या श्वासाची काळजी फ्रिजच्या रंगाआधी व्हायला हवी.

या धुरापायी आपण किती गोष्टी सोडल्या, तेही पाहा. पाहुणे यायचे म्हणून आदल्या दिवशी फोडणी नाही. मुलांच्या कोटांना वास लागतो म्हणून कोट वेगळ्या खोलीत. मासे तळणं बंद, कारण वास तीन दिवस जात नाही. सुकटीची चटणी तर अनेक घरांतून नाहीशीच झाली. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधणारी घरं आहेत, आणि ते सरळसरळ जिवाशी खेळणं आहे. भिंतीतून एक नळी बाहेर काढली असती तर यातलं काहीच सोडावं लागलं नसतं. आपल्या जेवणाला वास आहे हा काही दोष नव्हे. दोष आहे तो वास बाहेर जायला वाट न ठेवणाऱ्या घराचा.

काही कुटुंबांनी यावर दुसरा उपाय काढला: गॅरेजमध्ये वेगळी शेगडी. मला तो पटत नाही. बंद गॅरेजमध्ये प्रोपेनची शेगडी पेटवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण, हा झाला पहिला धोका. पण धोका नसता तरी मी विरोधच केला असता. जानेवारीच्या थंडीत स्वेटर चढवून, गाडीशेजारी उभं राहून पुऱ्या तळायच्या, आणि बाकीच्यांनी आत उबेत गप्पा मारायच्या? घरासाठी अन्न शिजवणारं माणूस, आणि ते बहुतेक वेळा बाईच असतं, घराबाहेर काढून घर स्वच्छ राखायचं, ही व्यवस्था आपण मोडायला हवी. नव्या वसाहतींत बिल्डर मुख्य स्वयंपाकघराच्या मागे लहानसं ‘स्पाइस किचन’ बांधून देतात. तिथे बाहेर जाणारा चांगला हूड असेल तर हरकत नाही. पण हूड नसलेली ती कोंदट खोली गॅरेजपेक्षा फार बरी नाही.

मग घ्यायचं काय? हूड शेगडीइतका रुंद हवा, शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त. खोली इतकी की पुढचे बर्नर त्याच्या छताखाली येतील. हवा ओढण्याची क्षमता मिनिटाला किती घनफूट, अशी सांगतात. भिंतीलगतच्या हूडसाठी रुंदीच्या दर फुटाला १०० घनफूट असा इथल्या व्यावसायिकांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३० इंची शेगडीला २५०. आपल्या तळणीला मी साडेतीनशे-चारशेच्या आसपास जाईन. चारशेच्या वर गेलं की अनेक गावांच्या बांधकाम नियमांप्रमाणे तेवढीच हवा बाहेरून आत आणायची सोय करावी लागते. तो नियम उगाच नाही. बंद घरातून जोरात हवा खेचली तर तळघरातल्या गॅसच्या बंबाचा धूर चिमणीतून उलटा घरात येऊ शकतो. म्हणून हजार-बाराशे घनफुटांच्या आकड्याला भुलू नका.

पंख्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे डक्ट, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. तो आतून गुळगुळीत, धातूचा, कमीत कमी लांबीचा आणि कमीत कमी वळणांचा हवा. सुरकुत्यांची लवचिक नळी घातली तर चांगला पंखाही दमतो. आणि तो खरोखर बाहेर गेला पाहिजे. पोटमाळ्यावर नेऊन सोडलेले डक्ट असतात. तिथे तेल आणि वाफ साचत राहते. शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवली तर हे सगळं सोपं होतं. सध्या शेगडी मधल्या ओट्यावर, म्हणजे आयलंडवर ठेवण्याची हौस आहे. फोटोत ती छान दिसते, पण तिथे धूर चारही बाजूंनी पसरतो आणि हूड मोठा घ्यावा लागतो. ओट्यातूनच खाली हवा ओढणारे पंखे मिळतात, पण इडलीपात्राची किंवा उकडीच्या मोदकांची वाफ वर जाते, ती त्यांच्या हाती लागत नाही. शेगडी भिंतीकडेच असू द्या.

आता गॅस की इंडक्शन? या देशात त्यावर मोठा राजकीय वाद झाला. २०१९ मध्ये बर्कली शहरानं नव्या इमारतींत गॅसच्या जोडण्या बंद केल्या आणि २०२३ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द ठरवला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की गॅसच्या शेगड्यांतून गळणाऱ्या मिथेनचा बराच मोठा भाग शेगडी बंद असतानाच बाहेर पडतो. ज्वालेतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दमा असलेल्या मुलांना तो त्रासदायक आहे, हेही खरं. तेव्हा इंडक्शनच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. गॅसच्या उष्णतेतला जेमतेम एक तृतीयांश भाग भांड्याला लागतो, इंडक्शनचा ८५ टक्क्यांच्या आसपास. ओढणी किंवा पदर पेटण्याची भीती नाही. तूप कढवायला, दूध आटवायला, पुरण शिजवायला लागते तशी अगदी मंद आच एकसारखी मिळते.

पण इंडक्शन घेतलं म्हणजे हूड नको, हा समज चुकीचा आहे. ज्वाला गेली तरी तेल तेवढंच तापतं. आपल्या स्वयंपाकघरातला मोठा धूर तेलाचा आहे, तो विजेवरही होतोच. म्हणूनच हूड आधी, आणि मग शेगडी आपल्या आवडीची.

इंडक्शनला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. त्याला २४० व्होल्टची, ४० किंवा ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते. जुन्या घरात १०० अँपिअरचाच पॅनल असेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा. दुसरं, कपाटातल्या भांड्यांना लोहचुंबक लावून पाहा; तो चिकटला तरच भांडं चालेल. अॅल्युमिनियमचा साधा कुकर चालणार नाही, पितळेचं पातेलं चालणार नाही, गोल बुडाची कढई नीट तापणार नाही. बिडाचा तवा उत्तम चालतो. फक्त काचेवर आपटू नये, ओढू नये. भाकरी आणि फुलके हा खरा प्रश्न आहे. तव्यावर कापडानं दाबून पोळी फुगते, भाकरीही जमते, पण थेट ज्वालेवरची चव तिला येत नाही, हे मी मान्य करते. भरताचं वांगं ब्रॉयलरखाली भाजता येतं, उन्हाळ्यात बाहेरच्या ग्रिलवर तर फारच छान. ज्यांच्या घरात रोज दोन्ही वेळा भाकरी होते त्यांनी गॅस ठेवावा, आणि हूड लावल्याशिवाय पेटवू नये.

शेगडी कुठलीही घ्या, पण फिरवायची बटणं असलेली घ्या. सपाट काचेवर बोट टेकवून चालवायचे पॅनल दिसायला सुंदर असतात, पण ओल्या किंवा पिठाच्या हातांना ते दाद देत नाहीत. शिवाय आपल्याकडे आई-बाबा, सासू-सासरे सहा-सहा महिने राहायला येतात. आपण दोघं कामावर गेल्यावर त्यांना स्वतःचा चहा करता आला पाहिजे, भूक लागली तर पोहे करता आले पाहिजेत. पासष्ट वर्षं स्वयंपाक केलेल्या आईला चहासाठी आपल्या येण्याची वाट पाहावी लागत असेल, तर ती शेगडी त्या घराची नव्हे.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. फ्रिज घेताना दारावरच्या स्क्रीनपेक्षा मधल्या फळ्यांची उंची पाहा, झाकणासकट पातेलं आत जातं का ते पाहा. खवलेल्या नारळासाठी आणि गावाहून आणलेल्या मसाल्यांसाठी फ्रीझर मोठा हवा. डिशवॉशर आपल्या लोकांनी अधिक वापरावा असं माझं मत आहे. नवी यंत्रं एका वेळी साडेतीन ते पाच गॅलन पाण्यात काम करतात. अॅल्युमिनियमची भांडी मात्र त्यात काळी पडतात. मिक्सर तिकडून आणू नका. तो २३० व्होल्टवर चालतो, इथे १२० आहे, आणि त्यासाठी ओट्यावर जड ट्रान्सफॉर्मर मांडावा लागतो. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत इथल्या विजेवर चालणारे भारतीय मिक्सर मिळतात. इथल्या ब्लेंडरवर ओलं वाटण होईल, कोरड्या खोबऱ्याचं आणि डाळीचं काम त्याच्याकडून करून घेणं कठीण. मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यानं १९६३ मध्ये सुमीत मिक्सरची कंपनी काढली ती याच अडचणीतून. घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे जळून गेला, तेव्हा त्यांनी आपल्या डाळी आणि मसाले पेलणारी मोटर तयार केली. स्वयंपाक बदलायचा नाही, यंत्र बदलायचं, हे त्यांनी तेव्हा ठरवलं. आपल्या हूडला तोच न्याय लावायला हवा.

खर्चाचा मुद्दा येईलच. भिंत फोडायची, परवाना काढायचा, त्यापेक्षा मायक्रोवेव्ह बरा, असं कंत्राटदार सांगतात, कारण त्यांना ते सोपं असतं. पण कपाटं काढलेली असताना डक्ट टाकणं हे त्या कामातलं लहानसं काम आहे. कपाटं बसल्यावर तेच मोठं होतं. काँडोमध्ये राहणाऱ्यांना बाहेरच्या भिंतीला हात लावायची परवानगी मिळेलच असं नाही. त्यांनी फोडणी मागच्या बर्नरवर करावी, तेल तापायच्या आधी पंखा सुरू करावा, स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवावा आणि जवळची खिडकी बोटभर उघडावी. एवढ्यानंही फरक पडतो.

ज्यांनी आपल्या घरी बाहेर जाणारा हूड बसवून घेतला आहे त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात परवान्याला किती दिवस लागले, डक्ट भिंतीतून नेला की छतातून, एकूण खर्च किती आला आणि काम नीट झालं का, हे मंडळाकडे लिहून पाठवा. येत्या उन्हाळ्यात अनेक घरांत स्वयंपाकघराचं काम निघणार आहे. कपाटांची ऑर्डर जाण्याआधी ही माहिती त्यांच्या हाती पडायला हवी.