ओलायाचे घरभाडे आणि आमचा अर्थशास्त्राचा तास



मागच्या सत्रात अर्थशास्त्राच्या वह्या तपासताना एका विद्यार्थ्याचे उत्तर समोर आले. प्रश्न नेहमीचाच होता. सरकारने एखाद्या वस्तूची कमाल किंमत बाजारभावाच्या खाली बांधून दिली तर काय होते? मुलाने आकृती सुबक काढली होती. मागणीची रेघ उतरती, पुरवठ्याची चढती, आणि दोन्हींना कापणारी एक आडवी रेघ. खाली एकच शब्द, 'टंचाई'. गुण द्यावेच लागले. पण वर्गात मी त्याला विचारले, "बाळ, टंचाई म्हणजे नेमके कोणाला काय मिळत नाही?" तेव्हा तो पुन्हा आकृतीकडेच पाहू लागला.

दोष त्याचा नाही. आपल्या मॉरिशसमध्ये हा विषय मुले इंग्रजीतून शिकतात, घरी क्रिओल बोलतात आणि आजीकडून मराठी ऐकतात. पुस्तकातली सफरचंदे आणि पेन्सिली कुठल्याच घरातल्या नसतात. म्हणून आज मी या स्तंभात एक खरे घर घेतो. ते घर सौदी अरेबियात, रियाध शहरातल्या ओलाया भागात आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा तिथे हिशेबनिसाचे काम करतो. ओलाया म्हणजे रियाधचा व्यापारी कणा. फैसलिया मनोरा आणि किंगडम सेंटर हे दोन उंच टॉवर याच भागात उभे आहेत, आणि 1 डिसेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या मेट्रोची निळी लाइन याच रस्त्याखालून बथाकडे जाते. बथा म्हणजे गरीब परदेशी कामगारांचा जुना बाजार. ओलायात ऑफिसे मोठी आणि घरे महाग. तिथे भाडे वर्षाच्या हिशेबाने ठरते आणि दोन किंवा चार हप्त्यांत भरतात. काही वर्षे असे चालले की करार संपायला आला की मालकाचा निरोप यायचा, पुढच्या वर्षी एवढे वाढवून द्या, नाहीतर खोली मोकळी करा. भाचा म्हणायचा, "मामा, पगार वर्षाने वाढतो पायरी पायरीने, भाडे वाढते लिफ्टने."

भाडे असे का वाढले? इथे पुस्तकातला पहिला धडा कामाला येतो. रियाधची वस्ती 2022 च्या जनगणनेत 70 लाखांच्या आसपास होती. 1 जानेवारी 2024 पासून ज्या परदेशी कंपनीचे प्रादेशिक मुख्यालय सौदीत नाही तिला सरकारी कामाचे ठेके मिळणे कठीण झाले. साहजिकच कंपन्या आल्या, त्यांच्यामागे माणसे आली. 2030 चे जागतिक प्रदर्शन रियाधला मिळाले आहे, त्याची बांधकामे वेगळीच. एवढ्या सगळ्यांना राहायला घर पाहिजे, आणि घर काही भाजीसारखे चाळीस दिवसांत उगवत नाही. जमीन, परवानगी, पाया, मजले, दोन-तीन वर्षे सहज जातात. मागणी आज आली आणि पुरवठा परवा येणार, तर मधल्या काळात किंमत चढते. अर्थशास्त्री याला म्हणतात अल्पकाळात पुरवठ्याची लवचिकता कमी असणे. आपल्या आजीने म्हटले असते, एका भाकरीवर चार पाहुणे.

मग 25 सप्टेंबर 2025 रोजी सौदी सरकारने नियम काढला. रियाध शहराच्या हद्दीत घर आणि दुकान दोन्हींचे भाडे पाच वर्षे वाढवायचे नाही. घर रिकामे झाले आणि नवा भाडेकरू आला तरी सरकारी 'इजार' नोंदणीत शेवटच्या कराराचे जे भाडे असेल तेच घ्यायचे. भाडेकरूला राहायचे असेल तर मालकाने काही ठराविक कारणांखेरीज नाही म्हणायचे नाही: भाडे थकले, इमारत धोक्याची झाली, किंवा मालकाला स्वतःसाठी अथवा जवळच्या नातलगासाठी जागा हवी. नियम मोडला तर बारा महिन्यांच्या भाड्याइतका दंड होऊ शकतो. जे घर पूर्वी कधीच भाड्याने दिलेले नाही त्याचे भाडे मात्र दोघांनी मिळून ठरवावे.

आमच्या बहिणीच्या घरी त्या दिवशी गोड केले. मीही आनंदाने खाल्ले. परक्या देशात कमावणाऱ्या मुलाच्या डोक्यावरची टांगती तलवार निघाली, हा आनंद खोटा नव्हता. जो कोणी शिक्षक फळ्यावर आकृती काढून अशा नियमाला सरसकट मूर्खपणा म्हणतो, त्याने कधी भाड्याच्या घरातून सामान बाहेर काढलेले नसावे.

पण त्याच घरातली दुसरी गोष्ट ऐका. भाच्याच्या मेहुण्याला पुढे रियाधमध्येच नोकरीची संधी आली. तो ओलायाच्या आसपास जागा शोधू लागला. समजा भाच्याच्या घराचे भाडे वर्षाला 40,000 रियाल आहे आणि आज बाजारात तशा घराला 55,000 देणारी माणसे तयार आहेत. मग भाचा ते घर कशाला सोडील? ऑफिस दूर बदलले तरी सोडणार नाही, एक खोली रिकामी पडली तरी सोडणार नाही. शेजारीही सोडणार नाहीत. मेहुण्यासाठी उरतात ती नवी कोरी घरे, ज्यांचे भाडे बांधलेले नाही, आणि तिथे सगळे नवे आलेले गर्दी करतात. माझ्या विद्यार्थ्याने लिहिलेली 'टंचाई' ती हीच. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला ती दिसत नाही. दारात उभा आहे त्याला दिसते.

आपल्या पूर्वजांनी ज्या बंदरातून जहाज धरले त्या मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. तिथे 1947 च्या भाडे कायद्याने प्रमाणित भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला बांधले. युद्धानंतरचे दिवस, फाळणीचे निर्वासित, गिरण्यांत भरती झालेले कोकणी कामगार. त्या वेळी कायदा हवाच होता. पण तात्पुरती म्हणून आलेली गोष्ट पन्नास वर्षे राहिली. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत खोलीचे भाडे इतके किरकोळ उरले की मालक गळके छप्पर दुरुस्त करीना. घर बदलायचे तर 'पागडी' द्यावी लागे, म्हणजे पावतीवर थोडे भाडे आणि हातात मोठी रक्कम. किंमत कागदावर दाबली तर ती टेबलाखालून वर येते. शेवटी मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी 1969 मध्ये सरकारलाच मंडळ स्थापावे लागले आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. अशा उपकरप्राप्त इमारती 19,000 च्या वर होत्या. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायाचे झाले आहे. नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात दरसाल चार टक्के वाढ मान्य झाली आणि पागडीलाही कायद्याची मान्यता मिळाली.

भाडेकरू तिथे दुष्ट नव्हता आणि मालकही नव्हता. प्रत्येकजण आपल्यासमोर जी किंमत होती तिच्याप्रमाणे वागला. सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणतात ते एवढेच: एका माणसाने, एका घराने, एका दुकानाने समोरच्या किंमतीकडे पाहून काय केले ते नीट पाहणे.

रियाधची गोष्ट मुंबईसारखी होईल का? मला वाटते, दोन गोष्टींवर नजर ठेवावी. एक, पाच वर्षांची मुदत खरोखर पाचच राहते का. दुसरी, पुरवठा वाढतो का. या दुसऱ्या बाबतीत सौदी सरकारने काही हालचाल केली आहे. 2025 मध्येच शहराच्या उत्तरेकडील मोठ्या जमिनींवरची बांधकामबंदी उठवली. दरवर्षी 10,000 ते 40,000 भूखंड नागरिकांना चौरस मीटरला 1,500 रियालच्या आत देण्याचे ठरविले. मोकळ्या पाडून ठेवलेल्या जमिनींवरचा करही वाढविला. मुंबईने रेघ बांधली आणि पुरवठ्याची सोय विसरली. रियाधने निदान कागदावर दोन्ही धरले आहे. भूखंड अर्थात सौदी नागरिकांना. आपल्या भाच्यासारख्यांना त्याचा फायदा होईल तो फिरून, भाड्याच्या घरांवरची गर्दी कमी झाली तरच.

आणखी एक हिशेब त्याच घरातला. जुलै 2017 पासून सौदीत परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबून माणसामागे महिन्याला 100 रियाल शुल्क लागू झाले, आणि ते दरसाल 100 ने वाढत जुलै 2020 मध्ये 400 झाले. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला 1,200, वर्षाला 14,400 रियाल. अनेक भारतीय कुटुंबांनी त्या काळात बायका-मुलांना गावी पाठविले. आमच्या भाच्याने पाठविले नाही. त्या 14,400 मध्ये इकडे व्हाक्वाला घराच्या वरच्या मजल्याचे बांधकाम पुढे गेले असते. तो मजला हाच त्याने मुलांसोबत जेवण्यासाठी दिलेला खरा खर्च. पुस्तकात याला वैकल्पिक खर्च म्हणतात, आणि मुले त्याची व्याख्या पाठ करतात.

या गोष्टी आपल्यापासून दूरच्या नाहीत. 8 डिसेंबर 2023 रोजी भारताने कांद्याची निर्यात बंद केली, तेथील गृहिणींना कांदा स्वस्त मिळावा म्हणून. नाशिककडे लासलगावच्या शेतकऱ्याचा भाव पडला, लिलाव बंद पडले. पुढे सरकारी मार्गाने आपल्या मॉरिशससाठी 1,200 टन कांदा मोजून मंजूर झाला. ती बंदी मे 2024 मध्ये उठली. गृहिणीने वाचविलेले पैसे शेतकऱ्याने भरले. आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा 'दिरी रासियों' आपल्याकडे स्वस्त मिळतो, त्याचाही उरलेला पैसा कोणीतरी भरतोच. कोण, ते मुलांनी शोधावे.

तर पालकांना एक विनंती. या महिन्यात मुलाला एकदा लाबुतिकात घेऊन जा. ज्या घरात अजून दुकानाचा 'कार्ने' चालतो, त्यांनी तो त्याच्या हाती द्या आणि विचारा, कोणती वस्तू महाग झाली तरी आपण तेवढीच घेतली, आणि कोणती लगेच सोडली. पहिल्या यादीत तांदूळ, तेल आणि कांदा येतील. दुसरी यादी प्रत्येक घरात वेगळी निघेल. त्या दोन याद्या घेऊन तो वर्गात आला तर लवचिकतेचा तास मी अर्ध्या वेळात संपवीन.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी भाच्याची आणि मेहुण्याची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "सर, मग पाच वर्षांनी काय होईल?" मी म्हटले, तुझी परीक्षा त्याआधी आहे, पण तुझे घरभाडे त्यानंतरच सुरू होईल. मेहुण्याला अजून जागा मिळालेली नाही. तो सध्या बथाकडे दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहतो आणि चार रियालचे तिकीट काढून मेट्रोने ओलायाला कामावर जातो.