काचेचा पडदा आणि लोखंडी बटण

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांबरोबर आम्ही एका कचेरींत गेलों होतों. तेथें अर्ज करण्यासाठीं मनुष्यासमोर नव्हे, तर एका यंत्रासमोर उभें राहावें लागतें. त्या यंत्रास एकहि बटण नाहीं. आहे तो केवळ काचेचा पडदा, ज्यास आतां लहानथोर सर्वच टचस्क्रीन म्हणतात. कापसाच्या व संत्र्यांच्या शेतांत जन्म घालविल्यानें त्या गृहस्थांच्या बोटांना घट्टे पडलेले. त्यांनीं बोट टेकविलें, पुन्हा टेकविलें, जोरानें दाबलें, पडदा ढिम्म. शेवटीं मुलानें पुढें होऊन आपलें कोंवळें बोट लावलें आणि काम झालें. रांगेंतील मंडळी हंसली. वडीलहि हंसले, पण तें हंसणें पाहून आम्हांस वाईट वाटलें.

दोष त्या बोटाचा नव्हता. अशा काचेवर विजेचें वहन करणाऱ्या पारदर्शक द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. त्यांत इंडियम व कथील या धातूंचें ऑक्साइड बहुधा वापरतात. आपल्या शरीरांतून वीज वाहूं शकते, म्हणून बोट जवळ येतांच त्या ठिकाणचा विद्युत्भार किंचित् बदलतो, आणि यंत्रास स्पर्शाची जागा कळते. म्हणजे पडद्यास दाब कळतच नाहीं! घट्टा पडलेली कोरडी कातडी, जाड हातमोजा, काचेवर पडलेले पावसाचे थेंब, यांपैकीं कांहींहि त्याला गोंधळांत टाकतें. दुसरा एक प्रकार आहे, त्यांत दोन पातळ थर दाबानें एकमेकांस टेकतात. तो हातमोज्यानेंहि चालतो, काडीनेंहि चालतो. मात्र त्याचा वरचा थर मऊ असल्यानें त्यावर ओरखडे लवकर पडतात. मनुष्याचा हात कसा आहे हें पाहून पडदा निवडावयाचा, कीं पडदा पाहून मनुष्यानें आपला हात बदलावयाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कचेरींत फार तर खोळंबा होतो. परंतु सावनेरच्या पालकांपुढें हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे. येथें वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत कोळशाच्या खाणी आहेत. तालुक्यांतच खापरखेड्याचें वीजकेंद्र आहे, ज्यांत २१० मेगावॅटचे चार व ५०० मेगावॅटचा एक असे पांच संच आहेत. आमच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या घरचा कर्ता पुरुष अशाच ठिकाणीं पाळीवर जातो. कोळशाच्या खाणींत मिथेन वायु असतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें कीं एक ठिणगी पुरते. म्हणून वायूच्या जागीं विजेचीं यंत्रें स्फोट बाहेर येऊं न देणाऱ्या जाड लोखंडी पेटींत बसवितात, आणि पेटींतून बाहेर येतें तें भक्कम बटण. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या कडेनें एक दोरी ताणलेली असते. अंधारांत, धुळींत, कोठेंहि उभ्या असलेल्या मजुरानें ती ओढली कीं पट्टा थांबतो. त्या दोरीस अक्षरओळख लागत नाहीं. पिवळ्या पार्श्वभूमीवरचें तें लाल, छत्रीसारखें बटणहि तसेंच. घाबरलेल्या माणसाच्या तळहातासाठींच तें घडविलेलें आहे.

आम्ही नव्याचे वैरी नाहीं. हा पडदा मुळीं जाणत्या कारागिरांसाठींच जन्मास आला. १९६५ सालीं इंग्लंडांत माल्व्हर्न येथील रडार-संशोधनसंस्थेंतील जॉन्सन या अभियंत्यानें विमानांचें नियंत्रण करणाऱ्यांसाठीं त्याची कल्पना मांडली. पुढें १९७६ च्या सुमारास जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेनें आपल्या प्रचंड यंत्राच्या नियंत्रणकक्षांत असे पडदे बसविले, कारण हजारों बटणें मांडावयास भिंत पुरली नसती. एका पडद्यावर शंभर चित्रें पाळीपाळीनें येतात, हा मोठाच लाभ होय.

पण २१ ऑगस्ट १९१७ नव्हे, अगदीं अलीकडची, २१ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट पाहा. सिंगापूरजवळ जॉन मॅक्केन ही अमेरिकेची युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली व दहा खलाशी प्राणांस मुकले. तिचें सुकाणूं व वेग पडद्यावरून चालत असे. सुकाणूंचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेला होता, तें खलाश्यांना कळलें नाहीं. सुकाणूंच बिघडलें असें त्यांना वाटलें. मग वेग कमी करूं गेले तों दोन पंख्यांपैकीं एकाचाच वेग उतरला आणि नौका वळली. चौकशींत शिक्षणाच्या उणिवेवर व देखरेखीच्या ढिलाईवर ठपका आला हें खरें. तरी पडद्याची रचनाहि चुकीस वाव देणारी ठरली, आणि २०१९ मध्यें त्या आरमारानें वेगासाठीं पुन्हा हातांत धरावयाचे दांडे बसविण्याचें ठरविलें. ज्यांच्यापाशीं पैशाची वाण नाहीं ते मागें फिरले!

म्हणून आमचें मत असें कीं, पाहावयाचें तें पडद्यावर असावें, पण थांबवावयाचें तें बटणानें किंवा दोरीनेंच व्हावें. डोळे धुरानें भरले असतां हाताला सांपडेल असें कांहीं तरी उरलें पाहिजे.

आणखी एक तक्रार भाषेची. पूर्वीं पितळी पाटीवर अक्षरें कोरावीं लागत, तेव्हां मराठी पाटी वेगळी करण्यास खर्च येई. पडद्यास ती अडचण कोठें आहे? १९९१ पासून देवनागरी अक्षरें युनिकोडमध्यें आहेत. तरीहि आमच्या पाहण्यांत आलेले कारखान्यांतले पडदे 'फॉल्ट' आणि 'ट्रिप' असेच ओरडतात. यंत्र विकत घेणारांनीं करार करण्यापूर्वीं तें चालविणाऱ्या फिटरला त्याच्या नेहमींच्या हातमोज्यांसह एक तासभर त्यापुढें उभें करावें, आणि मग त्याचें म्हणणें ऐकावें.

त्या कचेरींतून निघतांना मुलानें वडिलांस एक युक्ति सांगितली : बोट किंचित् ओलें करावें, म्हणजे पडदा ओळख देतो. दुसऱ्या खेपेस त्यांनीं तसें केलें व अर्ज स्वतःच्या बोटानें भरला. मुलगा मागें उभा होता. या वेळीं त्यानें हात खिशांतच ठेवले होते.