गणित सुटतं कुठे?

दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला जायचं तर गणित लागतंच. २०२२ पासून तिथले प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या परीक्षेवर होतात, त्यातही गणिताचा पेपर सक्तीचा. गंमत अशी, की बारावीला अर्थशास्त्र नसलं तरी चालतं!

गणिताची अट काढा, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींशी माझं भांडण आहे. मुलींसाठी सोपं करा, ही आपली मागणी कधीच नव्हती. पण गणित सुटतं कुठे? इथे, आपल्या वस्तीत, अकरावीच्या अर्जावर. दरवर्षी पाहते. कॉलेज घराजवळचं हवं, क्लासची फी भावासाठी राखलेली, म्हणून मुलगी आर्ट्सला. तिथे गणित शिकवतच नाहीत. सोळाव्या वर्षी दार बंद झालं, हे तिला कळतं बारावीनंतर. याला गुणवत्तेची निवड म्हणायचं?

सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ९७. हे बिनमोलाचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. ते मोजायला लावणाऱ्या अर्थतज्ज्ञ यायच्या कुठून, या मुलींनाच बाहेर ठेवून?

सीयूईटी मराठीतूनही देता येते, हे किती मुलींना कोणी सांगितलं? अकरावीचे अर्ज भरायच्या आत आपापल्या भागातल्या प्राचार्यांना गटाने जाऊन भेटू या. आर्ट्सला गणित देता का? नसेल, तर किती मुलींनी मागितलं म्हणजे द्याल? आकडा लेखी घ्यायचा.