अभक्ष्याची ओढ आणि रक्तातील तूट

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या तीर्थामुळे देशभरच्या जैन कुटुंबांना परिचित आहे. या तीर्थाची एक आख्यायिका अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. एलिचपूरच्या राजाला कुष्ठाची व्याधी होती. रानात हिंडताना त्याने एका जलाशयावर हातपाय व तोंड धुतले. तो घरी परतल्यावर राणीच्या ध्यानात आले की, पाणी लागले तेवढ्याच अंगावरची व्याधी ओसरली आहे. तिने विचारपूस केली, राजाला पुन्हा त्या जलाशयाकडे पाठविले आणि मग मूळ सापडले. आख्यायिकेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे. राणीची नजर मात्र प्रत्येक घराने घ्यावी अशी आहे. तिने बदल पाहिला, न रागावता विचारले आणि कारणाचा माग काढला.

अशी नजर ज्या विकाराला सर्वाधिक हवी असते आणि सर्वात कमी मिळते, तो विकार म्हणजे अखाद्य वस्तू खाण्याची किंवा हुंगण्याची अनावर ओढ. माती, राख, खडू, भिंतीचा पोपडा, कोळसा, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ यांपैकी काहीतरी चोरून खाल्ले जाते. कोणाला डांबरगोळीचा, कोणाला फिनाईलचा, रॉकेलचा, पेट्रोलचा किंवा नव्या रबराचा वास पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटतो. वैद्यकशास्त्रात खाण्याच्या या ओढीला ‘पायका’ म्हणतात. कावळ्याच्या कुळातील मॅगपाय या पक्ष्याचे हे लॅटिन नाव. हा पक्षी दिसेल ते चोचीत धरतो अशी समजूत होती, त्यावरून ते पडले.

ही गोष्ट घरच्यांच्या आधी बहुधा दुकानदाराला कळते. किराणा व जनरल स्टोअरच्या गल्ल्यावर बसणारा माणूस गिऱ्हाइकाच्या पिशवीवरून त्याच्या घरचा जमाखर्च ओळखतो. ज्या घरात शाळेत जाणारे मूल नाही, त्या घरची सून दर चार दिवसांनी पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा नेऊ लागते. उन्हाळ्यात एकदा लागणाऱ्या डांबरगोळ्या कोणी दर आठवड्याला मागते. उधारीच्या वहीत त्या मालाची नोंद नसते, कारण त्याचे पैसे नेहमी रोख आणि घाईने दिले जातात. दुकानदार मनाशी हसतो आणि माल देतो. व्यवहार पुरा होतो, परंतु एक खूण हातची निसटते.

जैन घरात या विकाराला आणखी एक पदर आहे. बावीस अभक्ष्यांची यादी पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्या यादीत माती आहे, बर्फ आहे, गारा आहेत आणि विषही आहे. त्यामुळे माती किंवा बर्फ खाण्याची ओढ लागलेल्या स्त्रीला आपण केवळ विचित्र नव्हे, तर पापी आहोत असे वाटू लागते. ती मनोमन नियम घेते, पच्चक्खाण करते. दोन दिवस निभतात, तिसऱ्या दिवशी पहिल्या पावसाचा गंध येतो आणि निश्चय ढळतो. अपराधाची भावना वाढते व लपविणेही वाढते. जी स्त्री आठ दिवसांचे उपवास शांतपणे पार पाडते, तिला चिमूटभर माती का सोडवत नाही, हा प्रश्न मग तिच्या श्रद्धेवर आणि संयमावर घसरतो. वास्तविक तो पुष्कळदा तिच्या रक्ताचा प्रश्न असतो.

या ओढीचे सर्वाधिक आढळणारे शारीरिक कारण म्हणजे लोहाची उणीव. रक्तातील लोह कमी झाले की बर्फ, माती, खडू, कच्चे पीठ यांची अनिवार इच्छा अनेकांत उत्पन्न होते. मेंदूत नेमके काय घडते याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. तथापि लोह दिल्यावर ही इच्छा मावळते, हा अनुभव जगभरच्या डॉक्टरांचा आहे. पुष्कळदा हिमोग्लोबिन पूर्ववत होण्याच्या आधीच, काही दिवसांत किंवा आठवड्यांत, ती नाहीशी होते. वासाच्या ओढीबाबतही असेच आढळले आहे. रबर, पेट्रोल, फरशी पुसण्याचे द्रव यांचा वास हवाहवासा वाटणाऱ्या काही रुग्णांत लोहाची कमतरता निघाली आणि उपचारानंतर ती आवड सरली.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट अपरिचित नव्हती. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणा राणी माती खाते आणि दिलीप राजाला तिच्या मुखाचा मृद्गंध जाणवतो. चरकसंहितेत पांडुरोगाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील एक माती खाल्ल्याने होणारा आहे. पांडुरोग म्हणजे फिकटपणा, आजच्या भाषेत बहुतांशी रक्तक्षय. माती आणि रक्तक्षय यांचे नाते अशा रीतीने फार पूर्वीच नोंदले गेले. आजचे शास्त्र त्या नात्याची दुसरी बाजूही दाखवते. रक्तक्षयामुळे माती खावीशी वाटते, काही प्रकारची माती आतड्यात लोह अडवून धरते, मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात आणि रक्तक्षय आणखी वाढतो. व्याजाने व्याज चढत जावे तसा हा फेरा आहे.

या फेऱ्याचे एक बोलके उदाहरण इराणमधील शिराझ शहरातले आहे. बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1958 साली तेथे काम करीत असताना त्यांच्यासमोर 21 वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. त्याला तीव्र रक्तक्षय होता आणि तो रोज सुमारे अर्धा किलो माती खात असे. 1961 साली डॉ. प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे इजिप्तमधील अभ्यासातून या वाढ खुंटण्यामागे जस्ताची उणीव असल्याचे दिसून आले. तोवर मानवी शरीराला जस्ताची उणीव भासू शकते हेच वैद्यकाला ठाऊक नव्हते. एका तरुणाच्या माती खाण्याकडे डॉक्टरांनी खूण म्हणून पाहिले, म्हणून हे ज्ञान हाती आले.

आपल्याकडे ही उणीव किती पसरलेली आहे? 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के आहे. राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत ते 68.9 टक्के आहे. ही केवळ गरिबांच्या घरची गोष्ट नाही. भरल्या दुकानाच्या मागच्या खोलीतही रक्तक्षय नांदत असतो.

व्यापारी कुटुंबाला हा हिशेब सहज समजेल. हिमोग्लोबिन म्हणजे गल्ल्यातील रोकड आणि फेरिटिन म्हणजे पेढीची गंगाजळी. गल्ल्यात रोकड दिसते म्हणून पेढी सुस्थितीत आहे असे कोणी मानत नाही. शरीरही आधी गंगाजळी वापरते आणि ती आटल्यावर रोकड कमी होऊ लागते. म्हणून स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा, गर्भवतीचे 11 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय निश्चित. पण ते पुरेसे असूनही ओढ असेल, तर डॉक्टरांना विचारून फेरिटिनची तपासणी करावी. शाकाहारी घरात बी-12 जीवनसत्त्वही पाहून घ्यावे. विदर्भात सिकलसेलचा आजार आढळतो आणि त्यातही ही ओढ दिसते. म्हणून तपासणीवाचून मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

खाल्लेल्या वा हुंगलेल्या वस्तूचा धोका वस्तूगणिक वेगळा असतो. पाटीवरची पेन्सिल पोट बिघडविते, पण डांबरगोळीतील नॅप्थलीन रक्तातील तांबड्या पेशीच फोडू शकते. जी ओढ रक्ताच्या तुटीतून जन्मली, तीच रक्त नासवू लागते. देवघरातील कापूर मुलाने थोडा जरी खाल्ला तरी झटके येऊ शकतात. शेंदूर हे पूर्वापार शिशाचे संयुग आहे. जुन्या रंगाच्या पोपड्यातही शिसे असते आणि ते मुलांच्या बुद्धीवर कायमचा आघात करते. लोहाची उणीव असलेल्या मुलाचे शरीर शिसे अधिक शोषते, हे विशेष घातक आहे. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या भिंती, दारे आणि पाळणे मात्र घराघरांत अजून आहेत.

हुंगण्याच्या बाबतीत आणखी एक भेद ओळखावा लागतो. वासाची आवड वेगळी आणि नशेसाठी व्हाइटनर, थिनर वा चिकटद्रव्य हुंगणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हृदय अकस्मात बंद पडून मृत्यू ओढवू शकतो, तोही कधी पहिल्याच वेळी. याच कारणाने 2012 साली केंद्र सरकारने बाटलीतील व्हाइटनर व थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंधन आणले. शाळकरी मुलगा अशा वस्तू वारंवार मागत असेल, तर त्याला माल देणे हा धंदा नव्हे.

प्रत्येक ओढीमागे लोहच असते असे नाही. दोन वर्षांखालील मूल सर्वच वस्तू तोंडात घालते, ते स्वाभाविक आहे. त्यानंतरच्या वयात महिनाभर अशी सवय टिकली तर दाखवावे. काहींच्या बाबतीत ताण, मनाचा आजार, स्वमग्नता किंवा बौद्धिक वाढीतील अडचण हे कारण असते. तेथे मानसोपचाराची गरज लागते. ‘टेली-मानस’ ही शासनाची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते.

उपचार बहुधा सोपा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. गर्भवतीसाठी त्या रोज एक याप्रमाणे 180 दिवस असतात. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. गोळीचे तास आपल्या आहारनियमांशी जुळतील असे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावेत. कॅप्सूलच्या आवरणात प्राणिज जिलेटिन असू शकते, म्हणून साधी गोळी किंवा पातळ औषध मागून घ्यावे. एवढ्या कारणावरून औषधच टाळणे शहाणपणाचे नाही. आयंबिल, एकासणे किंवा मोठे तप करण्यापूर्वी, विशेषतः मुलींनी, रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आहारात हरभरा, मसूर, कुळीथ, तीळ, बाजरी, हळीव, काळ्या मनुका यांना स्थान द्यावे. चातुर्मासात किंवा तिथीला पालेभाजी वर्ज्य असली तरी कडधान्ये असतातच. वरणावर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते अडवितो, म्हणून दोहोंत तासाभराचे अंतर असावे. लोखंडी कढईत केलेली आंबट आमटी हा जुना आणि उपयुक्त प्रघात आहे. या साऱ्याने तूट भरून निघण्यास मदत होते. मोठी तूट मात्र केवळ आहाराने भरत नाही.

मुलाने रॉकेल, फिनाईल, चुना, डांबरगोळी किंवा कापूर गिळला, तर त्याला मुळीच ओकवू नये आणि घरगुती उतारा देत बसू नये. वस्तूची बाटली किंवा पुडी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक 1800 116 117 आहे.

राहिला प्रश्न विचारण्याचा. गल्ल्यावरच्या पुरुषाने चारचौघांत काही बोलू नये. सुनेला ते मरणप्राय होईल. ही गोष्ट घरातील जाणत्या स्त्रीकडे सोपवावी. पेन्सिलींचा डबा मागणाऱ्या सुनेला दुकानदाराच्या पत्नीने आत बोलावून पाण्याचा पेला पुढे करावा आणि हलकेच म्हणावे, ‘‘वहिनी, हल्ली फार थकलेल्या दिसता. जिना चढताना दम लागतो का? उद्या मी दवाखान्यात जाणार आहे, सोबत चला. दोघींचंही रक्त तपासून घेऊ.’’ एवढे पुरेसे आहे. पेन्सिलीचे नावही काढण्याची गरज नाही.

सासूबाईंनीही ‘हे कसले डोहाळे’ म्हणून हसू नये आणि पापाचा धाकही घालू नये. अभक्ष्य त्याज्य आहे, हे त्या मुलीला कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणूनच ती लपवीत असते. तिला उपदेश नको, तपासणी हवी. रक्तातील तूट भरली की माती आपोआप सुटते आणि जे पच्चक्खाण तिला आजवर निभावता आले नाही, ते तिच्याकडून सहज निभते.

शिरपूरच्या आख्यायिकेतील राणीने राजाला दोष दिला नाही. तिने पाहिले, विचारले आणि उगमापर्यंत नेले. घराघरांतील व्याधींना आजही तोच क्रम हवा आहे.